योकोसुकाला निघण्याआधी

प्रश्न : यजमान अमेरिकी नौदलात आहेत. सॅन डिएगोहून योकोसुकाला बदली झाली. मुलगा नऊ वर्षांचा, शिवाय कुत्रा. सुरुवात कुठून करू?

उत्तर : ताई, कुत्र्यापासून! आधी मायक्रोचिप, मग रेबीजच्या दोन लसी, मग रक्ततपासणी. रक्त घेतल्या दिवसापासून १८० दिवस मोजायचे. कमी पडले तर उरलेले विलगीकरणात जातात. चिपआधी टोचलेली लस धरत नाहीत, म्हणून जुनं लसीकरणाचं कार्ड आजच काढून तारखा ताडून पाहा. जपानला सूचनाही ४० दिवस आधी द्यावी लागते.

मुलाला एकाग्रतेसाठी अ‍ॅडरॉल चालू असेल, तर तिथे त्यावर बंदी आहे. डॉक्टरांची चिठ्ठी असली तरीही. पर्यायाचं डॉक्टरांशी आत्ताच बोला. मनापासून सांगते, हे पुढे ढकलू नका.

आणि भारतातून आणलेला २३० व्होल्टचा मिक्सर नेऊ नका, तिथली वीज १०० व्होल्टची.