आधी ओळीच्या मधोमध बोट ठेव

अगं, सोयगावला रुजू होऊन आठवडा झाला नाही तोच म्हणतेस, "ताई, चौथीतल्या पोरांना साधी ओळ वाचता येत नाही, मी शिकवू काय?" आधी घाबरणं सोड, आणि खालच्या वर्गांवर खापर फोडणंही. 'प्रथम' संस्थेचा 'असर' अहवाल २००५ पासून देशभरातून हेच सांगतोय: पाचवीतल्या कितीतरी मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येत नाही.

त्यांची चाचणी मात्र उचलण्यासारखी आहे. पोराला एकट्याला जवळ बसवायचं. आधी सोपा परिच्छेद द्यायचा. जमला तर गोष्ट, अडला तर सुटे शब्द, तेही नाही जमले तर अक्षरं. पाच मिनिटांत कळतं कोण कुठे अडलंय. पण चारचौघांत घेऊ नकोस बाई. एकदा हसू झालं की ते पोर वर्षभर तोंड उघडत नाही.

घडाघडा वाचणाऱ्यालाही तपास. ओळीच्या मधल्याच शब्दावर बोट ठेव. गप्प झाला, तर धडा पाठ आहे, वाचन नाही. बाराखडीचंही तसंच: 'क का कि की' सुरात म्हणतात, पण सुटा 'की' दाखवला की तो सापडेपर्यंत पहिल्यापासून म्हणत येतात.

मग रोज एक तास इयत्ता विसर. ज्याला जिथवर येतं तिथून गट पाड. अक्षरगटाला अख्खी मुळाक्षरं देऊ नकोस. म, क, न, र आणि काना एवढ्यावर बघ किती होतं: काका, मामा, काम, कान, नाक, मका. पहिल्याच दिवशी पोराने खरा शब्द वाचला पाहिजे. घ-ध, भ-म अशा जोड्या एकदम आणू नकोस, दोन्हींचा घोळ होतो. शब्दगटातल्याला बोलतं कर. "आमची शेळी व्याली, दोन करडं झाली" म्हणाला, की तेच फळ्यावर लिही आणि त्यालाच वाचायला लाव. स्वतःचं वाक्य वाचायला कुणी कंटाळत नाही. तांड्यावरचं बंजारा लेकरू गोरमाटीत बोललं तर बोलू दे. घरच्या बोलीला हसलीस तर पुस्तकाच्या मराठीपर्यंत ते येणारच नाही.

कापूस वेचणीच्या दिवसांत पटावर आहेत त्यातली निम्मी पोरं शेतात असतील. परत आल्यावर रागावू नकोस. जिथे सोडलं होतं, तिथूनच धर.

अभ्यासक्रम मागे पडेल म्हणशील. पडू दे थोडा. तिसरीपर्यंत समजून वाचता यावं, हे २०२१ च्या 'निपुण भारत' अभियानाचं उद्दिष्ट. तुझी चौथीची पोरं ती तिसरी ओलांडून आलीत. यंदा तू तास काढला नाहीस, तर पाचवीत परिसर अभ्यास आणि गणितातली शाब्दिक उदाहरणंही त्यांना वाचता येणार नाहीत. साहेबांनी विचारलं तर पहिल्या दिवशीची नोंद आणि आजची नोंद शेजारीशेजारी ठेव. म्हणून सांगते, उद्याच नोंदीची वही घाल.