दिवा लुकलुकतो, पण भोंगा का वाजत नाही?

जुलै २०२२ च्या पुरात आपल्या कुरुंद्यात घराघरांत पाणी शिरले, हे कोणीही विसरलेले नाही. पाणी वाढू लागताच भोंगा वाजावा, या हेतूने आमच्या अभ्यासवर्गातील मुलांनी पिको नावाचा बोर्ड आणला. आम्ही कला शाखेचे पदवीधर, पोटासाठी बँकेत कारकुनी करणारे. तरी मुलांसोबत बसून जे उमगले ते येथे मांडतो.

२०२१ साली निघालेल्या या बोर्डावरील आरपी२०४० चिपमध्ये दोन कोअर, म्हणजे एकाच वेळी स्वतंत्र काम करणारे दोन मेंदू असतात. त्यांच्यासाठी चिपजवळ कायम साठवलेल्या सूचना म्हणजे फर्मवेअर. सी भाषेत लिहिलेला मजकूर संगणकावरील कंपायलर चिपच्या भाषेत उतरवतो आणि यूएफ२ फाइल तयार होते. बूटसेल बटण दाबून धरूनच यूएसबी केबल जोडावी. बोर्ड पेनड्राइव्हसारखा दिसतो. त्यात फाइल टाकताच तो पडद्यावरून नाहीसा होतो. ‘सर, बिघडला!’ असे मुले ओरडली. बिघडत नाही, काम सुरू होते.

दिवा छान लुकलुकू लागला, टाळ्याही पडल्या. बादली भरत आली, भोंगा मात्र गप्प. बोर्डाला पडदा नसतो; त्याला बोलते करणारा तो सिरीयल कन्सोल. फर्मवेअर तयार करतानाच यूएसबी कन्सोल चालू ठेवला, तर बोर्डाने लिहिलेल्या ओळी संगणकावर दिसतात. तारांनी जोडायचे झाल्यास बोर्डाची टीएक्स समोरच्या आरएक्सला व आरएक्स टीएक्सला जोडावी, ग्राउंड एक करावा, वेग दोन्हीकडे ११५२०० ठेवावा; वेग जुळला नाही तर अगम्य चिन्हे उमटतात. चिप ३.३ व्होल्टची आहे, तिला ५ व्होल्टचा सिग्नल देऊ नये.

कन्सोलवर दुसऱ्या कोअरच्या नऊ ओळी उमटल्या आणि थांबल्या. नऊच का? दुसरा कोअर पाणी मोजून आधी ओळ लिही, मग आकडा पहिल्याकडे पाठवी. मधल्या रांगेत आठच आकडे मावतात, आणि ते उचलण्याची ओळ आम्ही लिहिलीच नव्हती! बँकेच्या भाषेत, ट्रे भरला, पुढचा कारकून व्हाउचर उचलीना, म्हणून मागचा नववे हातात धरून बसून राहिला. दिवा पहिल्या कोअरकडे, तो लुकलुकतच होता. ऐन पावसाळ्यात हे घडले असते तर?

ती ओळ घातली. पुन्हा बूटसेल, पुन्हा फाइल. दहावी ओळ उमटली आणि बादली अर्धी होताच भोंगा वाजला. आता दुसऱ्या कोअरकडून काही सेकंद आकडाच आला नाही, तरीही भोंगा वाजावा, अशी तजवीज मुले करीत आहेत.