चितळकरांचा रॉक अँड रोल

गॅदरिंगच्या प्रॅक्टिसला आमच्या आकुर्डीच्या हॉस्टेलवर कोणीतरी 'ईना मीना डीका' वाजवलं, तर एक जण म्हणाला, "हे तर एल्विसचं ढापलेलं!" म्हणून जरा अभ्यास केला.

संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर, शिर्डीजवळच्या पुणतांब्याचे. १९५१च्या 'अलबेला'त त्यांनी स्विंगचा ढंग आणला; साथीला गोव्याचे ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट. १९५३च्या 'अनारकली'त तेच रागदारीच्या वळणावर गेले. तिकडे अमेरिकेत १९५४मध्ये बिल हेलीचं 'रॉक अराउंड द क्लॉक' निघालं, १९५६मध्ये एल्विस गाजला. १९५७मध्ये 'आशा'त 'ईना मीना डीका' आलं, एकदा किशोरकुमारच्या आणि एकदा आशाताईंच्या आवाजात.

रॉकचा ठेका कळायला मेसच्या टेबलावर एक-दोन-तीन-चार मोजा आणि टाळी दोन व चारवर द्या. केरव्यात जोर पहिल्या मात्रेवर असतो, इथे तो सरकतो. हाच बॅकबीट.

ठेका बाहेरून आला, हे खरंच. पण १९६३चं 'ऐ मेरे वतन के लोगों' याच माणसाचं. नुसती कॉपी मारणाऱ्याला इतकं बदलता येतं का? गॅदरिंगला गाणं वाजवाल तेव्हा चितळकरांचं नावही घ्या.