नकार, 'आणि' व 'किंवा'

यवतमाळ जिल्ह्यांत सोळा तालुके आहेत. त्यांतून वणी व पुसद वगळून बाकीच्यांची यादी संगणकाकडून काढा, असें सांगितलें असतां पुष्कळ विद्यार्थी अट लिहितात ती अशी: 'तालुका वणी नाहीं किंवा तालुका पुसद नाहीं.' आणि पडद्यावर चौदाऐवजीं सोळाच्या सोळा नांवें उमटतात! वणी हा पुसद नव्हे, पुसद हा वणी नव्हे. 'किंवा'स एवढें पुरे होतें. येथें 'आणि' पाहिजे. घरीं आपण 'चहा किंवा कॉफी नको' म्हटलें तर ऐकणारा भाव ओळखून दोन्ही परत नेतो; यंत्रास तो ओळखतां येत नाहीं.

यासंबंधींचे नियम ऑगस्टस डी मॉर्गन या गणितज्ञाच्या नांवानें प्रसिद्ध आहेत. (हा इंग्रज गृहस्थ १८०६ सालीं आपल्याच देशांत, मदुराई येथें जन्मला.) कंसाबाहेरचा नकार आंत नेतांना तो प्रत्येक विधानास लागतो, व 'किंवा'चें 'आणि', 'आणि'चें 'किंवा' होतें.

हा पाटीवरचा खेळ नव्हे, हें पालकांसहि पटावें म्हणून एक उदाहरण घेऊं. २०१९ सालीं केंद्र सरकारनें शेतकऱ्यांस वर्षाला ६,००० रुपये देणारी पंतप्रधान किसान सन्मान निधि योजना सुरू केली. तिच्या त्या वेळच्या नियमांप्रमाणें जे वगळावयाचे, त्यांत प्राप्तिकर भरणारे आणि दरमहा १०,००० रुपये वा अधिक निवृत्तिवेतन घेणारे असे दोन वर्ग होते. दुसऱ्यांतून चतुर्थ श्रेणीचे निवृत्त नोकर सोडले होते. बाकीचे नियम बाजूस ठेवूं.

मग पात्र कोण? 'कर भरीत नाहीं आणि निवृत्तिवेतन १०,००० हून कमी आहे' तो. येथें 'किंवा' राहिलें, तर कर भरून शिवाय आठ हजार घेणाराहि आंत येतो. 'दहा हजार वा कमी' लिहिलें, तर बरोबर दहा हजारवाला शिरतो. चतुर्थ श्रेणीची सवलत धरली, म्हणजे निवृत्तिवेतनाची अट 'दहा हजारांहून कमी, किंवा चतुर्थ श्रेणीचा' अशी होते. येथें चांगली मुलेंहि अडखळतात.

परंतु खरी फसगत निराळीच आहे. समजा, घाटंजीकडील कापूस पिकविणाऱ्या एका शेतकऱ्यानें जन्मांत नोकरी केली नाहीं. त्याचा निवृत्तिवेतनाचा रकाना कोराच राहणार. एसक्यूएल या भाषेंत कोऱ्या रकान्याची दहा हजारांशीं तुलना केली, तर उत्तर खरेंहि येत नाहीं व खोटेंहि येत नाहीं. तें 'अज्ञात' येतें. त्यापुढें 'नाहीं' लावलें तरी अज्ञाताचा नकार अज्ञातच! गाळणी तर फक्त खऱ्यासच आंत घेते. म्हणजे ज्याला पैशाची खरी गरज, तोच निमूटपणें यादींतून गळतो, आणि यंत्र चुकीची सूचनाहि देत नाहीं. म्हणून '(रकाना कोरा आहे किंवा रक्कम १०,००० हून कमी आहे)' असें कंसासह लिहावें. कंस विसरल्यास 'आणि' आधीं बांधलें जातें, व कर भरणारे मागल्या दारानें परत येतात.

आम्ही मुलांकडून नेहमीं दोन याद्या करवितों: एक अटींत बसणाऱ्यांची, दुसरी त्याच अटीपुढें 'नाहीं' लावून. दोहोंची बेरीज मूळ संख्येपेक्षां कमी भरली, कीं कोठें तरी कोरा रकाना आहे असें समजून तो शोधावयास लावतों.