पाटस परिसरातील उन्हाळा : घराचा गारवा आणि शेजाऱ्याची विचारपूस

पुण्याहून सोलापूरच्या मार्गाने निघालेला प्रवासी यवत, चौफुला, वरवंड ही गावे मागे टाकून सुमारे ६० किलोमीटरवर पाटसला पोहोचतो, तेव्हा सह्याद्रीचा ओलावा कधीच मागे राहिलेला असतो. दौंड तालुक्याचा हा भाग पर्जन्यछायेचा. खडकवासल्याच्या कालव्याने येथे ऊस आणला, साखर कारखाना व गुऱ्हाळे आणली. परंतु चैत्र-वैशाखातील ऊन मात्र पूर्वीचेच राहिले, किंबहुना अधिक प्रखर झाले.

सपाट प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश सेल्सिअस झाले आणि ते सरासरीहून ४.५ अंश किंवा त्याहून अधिक वर गेले, तर भारतीय हवामान विभाग उष्णतेची लाट आल्याचे जाहीर करतो. ४५ अंशांवर पारा गेल्यास सरासरीचा विचार न करताही लाट मानली जाते. हे आकडे वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. हवामान केंद्रातील तापमापक पांढऱ्या रंगाच्या, झडपा असलेल्या पेटीत, सावलीत व वाहत्या हवेत ठेवलेला असतो. पत्र्याच्या खोलीत दुपारी तीन वाजता बसलेल्या वृद्धेला जे सोसावे लागते, ते या आकड्यात उतरत नाही. म्हणूनच लाटेशी सामना प्रथम घरात करावा लागतो.

या भागातील जुनी घरे दगडमातीच्या जाड भिंतींची व माळवदाची असत. लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर दिलेले हे छप्पर दिवसाची उष्णता आत पोहोचू देण्यास कित्येक तास लावी. तोवर सूर्य कललेला असे. अर्थात या घरांचे गोडवे गाण्याचेही कारण नाही. ती अंधारी असत, पावसाळ्यात गळत आणि दरवर्षी माळवदावर नवी माती टाकण्याचे कष्ट घरच्या माणसांच्याच माथी येत. त्यांची जागा पत्र्याने व सिमेंटच्या स्लॅबने घेतली, हे स्वाभाविकच झाले. मात्र या दोन्ही छपरांचा स्वभाव वेगळा आहे. पत्रा दिवसा भट्टीसारखा तापतो, पण सूर्यास्तानंतर लवकर निवतो. स्लॅब दिवसभर उष्णता साठवतो आणि ती रात्री खाली सोडतो. त्यामुळे स्लॅबच्या घरात रात्रीच अधिक जपावे लागते. अंगणात किंवा गच्चीवर झोपण्याची रीत शहाणपणाचीच होती.

दोन्ही छपरांना लागू पडणारा स्वस्त उपाय म्हणजे पांढरा रंग. पांढरा पृष्ठभाग सूर्यप्रकाशाचा मोठा भाग परतवून लावतो. अहमदाबाद शहराने २०१० मधील भीषण लाटेनंतर २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा तयार केला, व पुढे तेथे गरीब वस्त्यांतील छपरांना चुना देण्याचे काम हाती घेण्यात आले. तेलंगण राज्याने तर २०२३ मध्ये शीत छपरांचे स्वतंत्र धोरणच जाहीर केले. पाटसच्या गृहस्थाला याकरिता धोरणाची वाट पाहण्याचे कारण नाही. चुना भिजवून, गाळून, त्यात थोडा डिंक किंवा सरस मिसळून दोन हात दिले की काम होते. चुना डोळ्यांत जाणार नाही याची काळजी घ्यावी, आणि तापलेल्या पत्र्यावर दुपारी न चढता हे काम भल्या पहाटे उरकावे. पत्र्यावरचा चुना फार टिकत नाही, पावसात धुऊन जातो. परंतु तोवर त्याची गरजही संपलेली असते.

उसाच्या पट्ट्यात पाचटाला तोटा नाही. पत्र्यावर पाचटाचा थर पसरून तो जाळीने किंवा दोरीने बांधला तर पत्रा उन्हापासून झाकला जातो. येथे आगीचे भय मात्र खरे आहे. चूल, विजेच्या तारा व विडीचे थोटूक यांपासून असे छप्पर दूर हवे. जेथे घरे एकमेकांना चिकटून आहेत तेथे पाचटाच्या फंदात न पडणेच बरे. त्यापेक्षा पश्चिमेच्या भिंतीलगत मांडव घालून त्यावर दोडका, घोसाळे चढवावे. वेल वाढण्यास अवधी लागतो, त्यामुळे त्याची लावणी माघातच करावी लागते.

खिडक्यांच्या बाबतीत एक गैरसमज रूढ आहे. हवा यावी म्हणून भर दुपारी त्या उघड्या टाकल्या जातात आणि बाहेरची झळ आत घेतली जाते. जाड भिंतींच्या व स्लॅबच्या घरात सकाळी नऊच्या सुमारास खिडक्या लावून पडदे ओढावेत व बाहेरची हवा निवल्यावर सर्व उघडावे. पत्र्याच्या एकखणी घराला हा नियम लागू नाही. तेथे आतली हवा बाहेरच्यापेक्षा अधिक तापते, म्हणून दारे उघडी ठेवून माणसांनी लिंबाच्या सावलीत जाणेच इष्ट.

दारावर ओले गोणपाट किंवा वाळ्याचा पडदा सोडण्याची पद्धत या कोरड्या हवेत चांगली उपयोगी पडते. कोकणातील दमट हवेत तिचा तितका लाभ होत नाही. एक लिटर पाणी वाफ होऊन जाताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शोषते; तेवढ्या उष्णतेत बर्फासारखे गार असे जवळजवळ सहा लिटर पाणी उकळीला येईल. कालव्याच्या आवर्तनाकडे डोळे लागलेले असताना पिण्याचे पाणी यासाठी खर्चू नये. भांडी विसळलेले पाणी पुरते. पंख्याविषयीही सावध असावे. हवा ४० अंशांपलीकडे गेली की कोरड्या अंगाला पंखा उलट तापवतो. अंगावर ओला पंचा असेल तरच त्याचा उपयोग.

घर कितीही सुधारले तरी एकट्या माणसाचा प्रश्न उरतोच. १९९५ च्या जुलैत अमेरिकेतील शिकागो शहरात आलेल्या लाटेत ७०० हून अधिक माणसे दगावली, तर २००३ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समध्ये सुमारे १५,००० मृत्यू झाले. त्यांत वृद्धांची संख्या मोठी होती. शिकागोच्या घटनेचा अभ्यास करणारे समाजशास्त्रज्ञ एरिक क्लायनेनबर्ग यांना एक विलक्षण बाब आढळली. शेजारशेजारच्या दोन गरीब वस्त्यांपैकी जेथे रस्ते गजबजलेले होते, दुकाने चालू होती, वृद्ध माणसे बाहेर पडत होती, तेथे मृत्यू फारच कमी झाले. पैसा दोन्हीकडे नव्हता; फरक होता तो माणसांच्या वर्दळीचा.

पाटससारख्या गावात ही वर्दळ अद्याप आहे, पण मुले नोकरीनिमित्त पुण्याला व वृद्ध आईवडील गावी, अशी घरेही आहेत. पारावर रोज येणारा सोबती एक दिवस दिसला नाही तर त्याच दिवशी त्याच्या घरी जावे. "पाणी पिता ना?" एवढे विचारून परतू नये. वयोमानाने तहानेची जाणीव मंदावते, आणि "तहानच नाही" हे उत्तर खरे असूनही घातक ठरते. दहा मिनिटे बसावे, तांब्या हाती द्यावा, बोलण्यात असंबद्धता आहे का ते पाहावे. मदत देऊ केली तर मानी माणूस नाकारतो; "नाना, चला, आमच्या ओट्यावर दोन डाव टाकू" म्हटले तर तो उठून येतो. रक्तदाबाच्या किंवा लघवी वाढविणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी वैद्यकीय अधिकाऱ्यांचा सल्ला लाटेपूर्वीच घ्यावा. गुऱ्हाळाच्या चुलाणापुढे राबणारे परगावचे मजूर व त्यांची लेकरे यांचीही अशीच विचारपूस व्हावयास हवी. त्यांच्यासाठी पारावर कोणी वाट पाहत नसते.

थकवा, गोळे येणे, मळमळ ही पहिली लक्षणे होत. अशा वेळी एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून थोडे थोडे पाजावे. चमचा चहाचा घ्यावा. माणूस बरळू लागला, झटके आले, शुद्ध हरपली आणि अंग चटके देण्याइतके तापले, तर तो उष्माघात समजावा. घाम येत आहे म्हणून धोका नाही, असे मानू नये. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. त्याला सावलीत घेऊन कपडे सैल करावेत, सर्वांगावर पाणी ओतावे, मान, काखा व जांघा येथे ओली फडकी ठेवावीत. एकाने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ती येईपर्यंत बाकीच्यांनी पाणी ओतणे व वारा घालणे क्षणभरही थांबवू नये.