दोन पाइपांना हात लावल्याशिवाय डॅशबोर्डला हात लावू देऊ नका

आमच्या गाडीचा हीटर गार हवा फेकत होता, पण त्यासाठी डॅशबोर्ड उतरवायची काहीही गरज नव्हती, हे आधीच सांगून टाकते. हीटरची कॉइल शाबूत होती, फ्लॅप शाबूत होता, ब्लोअर तर जोरात चालत होता. बिघाड वर्कशॉपने केलेल्या कामात होता, आणि त्याच वर्कशॉपने मला नव्या कॉइलचं आणि डॅशबोर्ड उतरवण्याच्या मजुरीचं भलं मोठं एस्टिमेट हातात ठेवलं.

ऑक्टोबरच्या सर्व्हिसिंगमध्ये कूलंट बदललं होतं. बिलात तशी ओळ आहे. चंदीगडला ऑक्टोबरात हीटर कोणी लावत नाही, त्यामुळे दोष कळला तो डिसेंबर संपताना, धुकं उतरल्यावर. सासूबाईंना पीजीआय रुग्णालयात न्यायचं होतं. ओपीडीचा नंबर लावायचा म्हणजे सकाळी लवकर निघावं लागतं, आणि त्या दिवसांत इथे पहाटे पारा चार-पाच अंशांवर असतो. मध्य मार्ग या रस्त्यावर गाडी वेगात असली की हवा जरा कोमट व्हायची आणि चौकात सिग्नलला थांबलं की लगेच गार. आतून काचेवर वाफ धरायची. एका हाताने स्टिअरिंग, दुसऱ्या हाताने फडकं, समोर पुढच्या गाडीचे दिवेसुद्धा धड दिसत नाहीत, आणि मागे सासूबाई शालीत गुरफटून "अगं, हळू घे" म्हणतायत. गार हवेची अडचण नुसती थंडी वाजण्यापुरती नसते. धुक्यात काच साफ ठेवायची तर एसी आणि हीटर दोन्ही लागतात. एसी हवेतला दमटपणा काढतो आणि हीटर काच गरम ठेवतो. त्यातलं एक नसेल तर तुम्ही आंधळ्यासारखी गाडी चालवता.

आणखी एक खूण होती. ॲक्सिलरेटर दाबला की डॅशबोर्डच्या मागून खळखळ आवाज यायचा, पाइपातून पाणी आणि हवा एकत्र जाताना येतो तसा. हे मी वर्कशॉपच्या काउंटरवर स्पष्ट सांगितलं. जॉब कार्डवर उतरलं काय? 'हीटर नॉट वर्किंग.' एवढंच. आवाजाचं लिहा म्हटलं तर तो मुलगा माझ्या खांद्यावरून मागे बघत म्हणाला, "सर साथ में आए हैं?" सर ऑफिसला गेले होते. गाडी माझ्या नावावर आहे, चालवते मी, आवाज ऐकला मी. त्यात गाडीची पाटी एमएच बारा. तिच्याकडे बघून दुसरा म्हणाला, "पूना की गाड़ी है मॅडम, उधर हीटर चलता ही नहीं, कॉइल जाम हो जाती है." बॉनेट उघडलं, कूलंटची बाटली बघितली, "कूलंट फुल है," आणि बॉनेट बंद. पाइपांना कोणी बोटसुद्धा लावलं नाही.

पुण्याच्या लोकांना हीटर माहीत नसतो, हे कोणी सांगितलं? कात्रजचा किंवा खंबाटकीचा घाट चढताना तापमानाचा काटा वर जायला लागला की एसी बंद करून हीटर पूर्ण लावायचा, काचा खाली करायच्या, हे आमच्याकडे जुन्या गाड्या चालवलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. हीटर म्हणजे इंजिनाची उष्णता केबिनमध्ये आणणारा छोटा रेडिएटर. गरम कूलंट एका पाइपातून आत येतं, कॉइलमधून फिरतं, दुसऱ्या पाइपातून परत जातं, आणि ब्लोअर त्यावरून हवा फेकतो. एसीच्या गॅसचा याच्याशी काही संबंध नाही. कोणी "गॅस भरला की हीटर चालेल" म्हणालं, तर तिथून गाडी काढून आणा.

एस्टिमेटवर सही न करता मी गाडी मनीमाजऱ्याच्या मोटर मार्केटमध्ये नेली. तिथल्या एका वयस्क सरदारजींनी आधी मला विचारलं की हवा चालत्या गाडीत कोमट आणि उभ्या गाडीत गार होते का. मी आवाजाचंही सांगितलं. त्यांनी इंजिन गरम होऊ दिलं, हीटरची कळ पूर्ण लाल टोकाला ठेवली, मग इंजिन बंद करून बॉनेटच्या मागच्या बाजूला, केबिनच्या पत्र्यातून आत जाणाऱ्या दोन रबरी पाइपांवर हात ठेवला. मग मला म्हणाले, "बेटा, तू भी हाथ लगा." एक पाइप चटका बसेल इतका गरम, दुसरा गार. त्या क्षणी मला सगळं कळलं, आणि डोक्यात सणक गेली. एवढीशी तपासणी. ना यंत्र लागतं, ना लॅपटॉप. ज्यांच्याकडे दोन्ही आहे त्यांनी ती केली नाही.

इंजिन पूर्ण गार झाल्यावर त्यांनी रेडिएटरचं झाकण उघडलं. बाटली भरलेली आणि रेडिएटर वरून रिकामा. आमच्यासारख्या गाड्यांमध्ये ती बाटली म्हणजे नुसती जादाच्या कूलंटची. रेडिएटरमध्ये हवा अडकली किंवा झाकण नीट ओढत नसलं, तर बाटलीची पातळी वर दिसते आणि आत खड्डा असतो. कूलंट बदलताना आतली हवा काढलीच नव्हती. ती कॉइलमध्ये जाऊन बसली होती. सरदारजींनी गाडीचं तोंड रॅम्पवर चढवलं, झाकण उघडं ठेवून इंजिन चालू केलं, हीटर पूर्ण गरमवर. बुडबुडे येत गेले, ते त्याच जातीचं कूलंट थोडं थोडं ओतत गेले, पाइप दाबत राहिले, रेडिएटरचा पंखा फिरेपर्यंत. मग झाकण लावलं. हीटरमधून अशी गरम हवा आली की मला स्वेटर काढावा लागला. त्यांनी घेतलेल्या पैशांत त्या वर्कशॉपच्या एस्टिमेटवरचा टॅक्ससुद्धा निघाला नसता.

आता तुमच्यासाठी. गाडी गरम झाल्यावर, इंजिन बंद करून, ते दोन पाइप स्वतः तपासा. हात अलगद लावा, बोटं पंख्यापासून लांब ठेवा, कारण विजेवर चालणारा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो. दोन्ही पाइप सारखेच गरम आणि हवा मात्र गार, तर दोष डॅशबोर्डच्या आत, बहुधा हवा वळवणारा फ्लॅप, त्याची केबल किंवा छोटी मोटर. कळ गार-गरम फिरवताना आत टकटक वाजत असेल तर मोटरच. एक गरम, एक गार, तर हवा अडकलीय किंवा कॉइल चोंदलीय, आणि यातली हवा आधी काढून बघायची. दोन्ही कोमट, काटा खालीच राहतोय, हायवेवर तर आणखी खाली जातोय, तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय.

थर्मोस्टॅटबद्दल महाराष्ट्रातून इकडे गाडी आणणाऱ्यांनी विशेष लक्ष द्या. आपल्याकडे जुन्या गाडीचा थर्मोस्टॅट "गरम हवेत लागत नाही" म्हणून काढून टाकणारे मेकॅनिक खूप आहेत. तशी गाडी इथल्या जानेवारीत धड तापतच नाही, हीटर कोमटच राहतो, ॲव्हरेजही पडतं. नवा बसवून घ्या, फार महाग नसतो. आणि रेडिएटरमध्ये नळाचं पाणी असेल तर ते पुण्यात चालून गेलं असेल, पण इथून सिमला-मनालीला गाडी नेली आणि रात्री उघड्यावर ठेवली तर गोठेल. पाणी गोठताना फुगतं, त्याने इंजिनाचा ब्लॉकसुद्धा तडकतो. अर्धं कूलंट, अर्धं डिस्टिल्ड पाणी हे मिश्रण उणे तीसच्याही खाली टिकतं. तयार मिश्रण आणलंत तर त्यात पाणी घालू नका.

रेडिएटरचं झाकण गरम असताना कधीही उघडू नका. दाबाखालचं कूलंट तोंडावर उडतं. हीटर एकदम गार पडला आणि त्याच वेळी काटा वर चढायला लागला, तर घरापर्यंत पोचू असा विचार करू नका. बहुधा कूलंट गळून गेलेलं असतं, गाडी तिथेच बाजूला घ्या. केबिनमध्ये गोडसर वास येत असेल, काचेवर चिकट थर बसत असेल, पायाखालचं मॅट ओलं लागत असेल, तर कॉइल खरंच गळतेय, तेव्हा मात्र डॅशबोर्ड उतरवण्यावाचून इलाज नाही. सांडलेलं कूलंट लगेच धुऊन काढा. ते विषारी असतं आणि गोड लागतं म्हणून कुत्री-मांजरं चाटतात. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून हीटर तपासत बसू नका, त्या धुराने माणूस गुदमरतो. बाकी सर्व्हिसिंग वेळेवर करा, बिलं जपून ठेवा, हे सगळेच सांगतात.

पण जॉब कार्ड तुमच्या शब्दांत लिहून घ्या, हे फार कोणी सांगत नाही. आवाज येतो म्हणजे आवाज येतो असंच लिहायला लावा, आणि सही करण्याआधी मोबाइलवर त्याचा फोटो काढा. कॉइल बदलायची म्हणाले तर दोन्ही पाइप तपासून काय आढळलं ते एस्टिमेटवर लिहून मागा. पार्ट बदलला तर जुना परत मागा.

मी सगळे कागद घेऊन वर्कशॉपमध्ये परत गेले. मॅनेजर म्हणाले, "मॅडम, अब ठीक हो गया ना?" आणि फुकट वॉशिंग देऊ केलं. गाडी धुवायला मी गेले नव्हते. हवा का काढली नाही, आणि न तपासता कॉइल बदलायला का सांगितली, एवढंच लेखी द्या म्हटलं. दिलं नाही. म्हणून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर तक्रार नोंदवली. सर्व्हिसिंग नियमाप्रमाणे झालं, असं वर्कशॉपचं उत्तर आलं. पुढे ग्राहक आयोगाकडे जाता येतं. दोन वर्षांची मुदत असते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी लागत नाही. सरदारजींनी आपल्या पावतीवर 'एअर लॉक काढला, कॉइल ठीक' असं तारखेसह लिहून दिलंय. तक्रारीसोबत पहिला कागद तोच लावणार आहे.