बांधावरून उसाचा अंदाज नको



गेल्या हंगामात एक सभासद गट ऑफिसात आले. आमच्या नोंदीत त्यांच्या एकरभर लागणीचा अंदाज 46 टन होता. काट्यावर भरला 39 टन. "सात टन गेला कुठं?" हा त्यांचा प्रश्न रास्त होता. आम्ही त्यांना घेऊन फडात गेलो.

ऊस तुटला होता, पण बुडखे जाग्यावर होते. आमच्या माणसाने पाटाकडेच्या बांधालगत एकाच सरीत 33 फुटांतले ऊस मोजले होते. ते भरले 96. मग आम्ही शेताचे पाच पट्टे पाडून प्रत्येकात चिठ्ठीने जागा काढली व बुडखे मोजले. आकडे आले 96, 70, 88, 62 व 84. सरासरी 80.

आता हिशेब पाहा. सरी 3 फुटी असली तर एकरात 33 फुटांचे 440 तुकडे होतात. वाढे-पाचट काढून एक ऊस सरासरी 1.1 किलो धरला, तर 96 ने 46.5 टन येतात आणि 80 ने 38.7 टन. बांधाकडेला ऊन-वारा जास्त, पाणीही आधी. तिथला ऊस साऱ्या शेताच्या वतीने बोलत नाही.

डॉ. पां. वा. सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातील बुधचे. पीक कापणीचे तुकडे फार लहान घेतले तर उत्पन्न फुगून दिसते, हे त्यांनी 1946 साली दाखवून दिले. कडेवरचे झाड आत धरण्याकडे मोजणाऱ्याचा हात झुकतो. म्हणून नियम आधीच ठरवावा: टेपच्या सुरुवातीचे अर्धवट बेट मोजायचे, शेवटचे सोडायचे.

नमुना घेण्याची रीत अशी:

1. चढ-उतार व जमीन पाहून शेताचे सारख्या क्षेत्राचे पाच पट्टे पाडा. चिबड जागा टाळू नका. शेजारशेजारच्या पाच जागा मोजल्या तर ती एकच जागा पाचदा मोजल्यासारखी होते.

2. प्रत्येक पट्ट्यात एका चिठ्ठीने सरी काढा, दुसरीने किती पावले आत जायचे ते. चिठ्ठी निघाल्यावर जागा बदलायची नाही, मग तिथे ऊस विरळ असो की दाट.

3. 33 फुटांतले गाळपायोग्य ऊस मोजा. ओळीने येतील ते पाच ऊस तोडून, साफ करून वजन घ्या. निवडून घेऊ नका.

आता सरासरीवर भरवसा किती ठेवायचा? वरील पाच आकड्यांत फरक मोठा आहे. त्यावरून सरासरीची प्रमाण चूक सुमारे 6 ऊस, म्हणजे एकरी 3 टन येते. तीन टन इकडेतिकडे सहज होते, कधी त्याच्या दुप्पटही. चूक निम्मी करायची तर पाचाऐवजी वीस जागा घ्याव्या लागतात.

म्हणून या मोजणीवरून काटा बरोबर की चूक हे ठरत नाही. शंका असेल तर प्रमाणित वजने ठेवून काटा तपासून घ्यावा, तो सभासदाचा हक्क आहे. मात्र आमचा अंदाज फुगलेला होता, एवढे त्या सभासदांसमोर आम्हाला कबूल करावे लागले.

हीच चूक गटभर झाली तर काय होते? रस्त्याकडेचे फड पाहून अंदाज धरला, की टोळ्या व वाहने त्या हिशेबाने ठरतात आणि तोडणीचा कार्यक्रम कोलमडतो. म्हणून आडसाली, पूर्वहंगामी, सुरू व खोडवा यांच्या नोंदी वेगळ्या करून प्रत्येकातून चिठ्ठीने फड काढावेत, हेच योग्य.

आमचा माणूस टेप घेऊन येईल तेव्हा आपण हजर राहा. चिठ्ठी आपल्याच हाताने काढा आणि आकडा आपल्याही वहीत लिहून ठेवा.

— ऊस विकास अधिकारी